पाच जणांची एक बोंडअळी

ऑक्टोबरच्या अखेरीस अंजनगाव सुर्जीच्या शिवारात सोंगाचं सामान फुकट पडलेलं असतं. कापसाची वेचणी सुरू झालेली असते, त्यामुळे पांढऱ्या दाढीची सोय घरातल्या गाठोड्यातच होते. केळीच्या बागांत वाळलेली पानं खोडाला लोंबत असतात. संत्र्याचा आंबिया बहार उतरू लागतो आणि त्याबरोबर खोकी, पुठ्ठे, सुतळी यांचा पसारा वाढतो. ज्वारीचे धांडे असतात, बारदाना असतो, चुलीची राख असते. दिवाळीच्या रंगकामातून डब्याच्या तळाशी उरलेला डिस्टेंपर असतो. आणि प्रत्येक घरात एक तरी आजी असते, जिच्या पेटीत न फाटणारं पण कुणी न नेसणारं लुगडं घडी घालून ठेवलेलं असतं.

एवढं सगळं असताना पोरं मोबाईलवर हाडांचं चित्र छापलेला काळा पॉलिस्टरचा सदरा मागवतात. इंग्रजी शाळांमुळे, मालिका-सिनेमांमुळे आणि परदेशी गेलेल्या नातलगांच्या फोटोंमुळे 31 ऑक्टोबरचा हॅलोवीन आता लहान गावांतल्या मुलांनाही ठाऊक झाला आहे. त्यात वाईट काही नाही. घाबरायची आणि घाबरवायची हौस सगळ्या जगाला सारखीच. पण विकतच्या सदऱ्यातले पाच मित्र शेजारी शेजारी उभे राहिले की पाच भुतं दिसतात. त्यांचं आपसात काही नातं दिसत नाही. सोंगाचा खर्च वाचवायचा असेल तर आधी तेच नातं शोधावं लागतं. एकदा ते सापडलं की सामान कमी लागतं, कारण एकाच्या अंगावरची वस्तू दुसऱ्याला अर्थ देते. वाघ्या एकटा असेल तर त्याला भंडाऱ्याची कोटंबी, घोंगडी, गळ्यात पट्टा असं सगळं जमवावं लागतं. शेजारी मुरळी उभी राहिली की नुसत्या भंडाऱ्याने भागतं.

हॅलोवीन मुळात श्रीमंतांचा सण नव्हताच. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली खेड्यांतली पोरं जुने कपडे उलटे घालून, तोंडाला काजळी फासून दारोदार जात, गाणं म्हणत आणि त्याबदल्यात फळं, सुकामेवा, पैसे घेत. कंदील कोरायला त्यांच्याकडे सलगम होता. एकोणिसाव्या शतकात ती माणसं अमेरिकेला गेली, तिथे लाल भोपळा मोठा आणि पोखरायला सोपा मिळाला, म्हणून भोपळा आला. तयार कपड्यांची खोकी दुकानात यायला विसावं शतक उजाडावं लागलं. म्हणजे घरच्या चिंध्यांतून सोंग उभं करणारं अंजनगावातलं पोरगं त्या सणाच्या मूळ चालीला जास्त जवळ असतं.

आणि दारोदार जाण्याची चाल तर वऱ्हाडाला शिकवायलाच नको. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. महिनाभर संध्याकाळी पोरींचा घोळका टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी जातो. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर, धांड्यांचा मांडव. गाणी संपली की घरची पोरगी झाकलेला डबा हलवते आणि आवाजावरून खाऊ ओळखायचा. शेंगदाणे आहेत, लाह्या आहेत की वड्या? ओळखता आला नाही तर हरल्याचं कबूल करायचं, मग डबा उघडतो. 1950 मध्ये अमेरिकेत काही मुलांनी हॅलोवीनच्या फेरीत खाऊऐवजी युनिसेफसाठी पैसे गोळा केले आणि पुढे ती मोठी चळवळ झाली. अंजनगावच्या भुलाबाईच्या पोरींनाही कुणी असं काही सुचवलं तर त्या मनापासून करतील. फक्त खाऊ ओळखायचा खेळ कुणी काढून घेऊ नये.

मेळघाटात होळीच्या दिवसांत कोरकू मंडळी ढोलकीच्या तालावर नाचत रस्त्यावर फगवा मागतात. कोकणात शिमग्याला संकासूर निघतो: काळा पायघोळ अंगरखा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. गुहागर-दापोलीकडची लहान मुलं त्याला पाहून आईच्या पदरात शिरतात. त्याच्याबरोबर गोमू असते, म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. एक भीती घालतो, दुसरी हसवते. खेळ्यांचं सगळं यश या जोडीत आहे. तिकडे यवतमाळ-किनवटच्या गोंड वस्त्यांत दिवाळीला दंडारी निघते, तेव्हा घुसाडी मोरपिसांचा थोरला मुकुट घालून, अंगाला राख फासून, खोटी दाढी लावून नाचतात. त्या मुकुटाला मान आहे, तो पूजेचा असतो. त्याची नक्कल गॅदरिंगसाठी करू नये. पाहायला मात्र अवश्य जावं.

अंजनगाव सुर्जी तालुक्याला सोंगाच्या बाबतीत एक वेगळाच वारसा आहे. शेंडगाव याच तालुक्यातलं. 23 फेब्रुवारी 1876 ला तिथे डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले, ज्यांना पुढे महाराष्ट्राने गाडगेबाबा म्हटलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर खापर, हातात खराटा. मडक्याचं तेच खापर जेवायला, तेच पाणी प्यायला. हे त्यांचं सोंग नव्हतं, जगणं होतं. पण शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेत महाराष्ट्रभर दरवर्षी जी रूपं हमखास दिसतात त्यांत गाडगेबाबा असतातच, आणि ते योग्यच आहे. ऋण काढून सण करू नका असं हा माणूस आयुष्यभर कीर्तनांतून सांगत राहिला. त्यांचा वेश भाड्याच्या दुकानातून आणण्याइतकी विसंगत गोष्ट दुसरी नसेल. दुकानातल्या गोधडीला मशीनवर एकसारखी चौकोनी ठिगळं मारलेली असतात आणि कवडी प्लास्टिकची असते.

घरी करायचं तर असं. गोधडीसाठी नवं कापड फाडायचं नाही. धुवून विरलेलं धोतर, बाह्या गेलेला सदरा, लुगड्याचा काठ असे तुकडे घ्यायचे आणि मोठ्या सुईने, जाड दोऱ्याने, डोळ्यांना दिसतील असे टाके घालायचे. टाके वाकडे आले तर येऊ द्यावेत. खापर कुंभाराकडे फुटक्या मडक्यांच्या ढिगात मिळतं. त्याची कड दगडावर पाणी टाकून घासून गुळगुळीत करायची, नाहीतर कपाळाला लागते. आतून कापसाची गादी चिकटवली की डोक्यावर बसतं. काचेच्या बांगडीऐवजी प्लास्टिकच्या बांगडीचा तुकडा दोऱ्याने कानामागे अडकवावा. खराटा मात्र खरा हवा.

आता मित्रांचं काय? इथेच बहुतेक शाळा चुकतात. पाच मुलांना पाच गाडगेबाबा करून रांगेत उभं करतात. बाबांचं कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी सवाल-जवाब होता. ते विचारत आणि समोरची मंडळी उत्तर देत. मग एकाने बाबा व्हावं आणि बाकीच्यांनी गावकरी: सावकाराचं कर्ज काढून लग्न करणारा बाप, नवसाला बकरं नेणारा, पोराला शाळेतून काढणारी आई. या सगळ्यांना घरचेच कपडे लागतात. आणि कीर्तनाआधी बाबा गाव झाडत, तेव्हा त्या चौघांनी मंचावर यायच्या आधी शाळेचं पटांगण झाडून काढावं. 20 डिसेंबर हा बाबांच्या पुण्यतिथीचा दिवस, 1956 साली अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीपाशी ते गेले. स्नेहसंमेलनं त्याच सुमारास असतात.

तिघेच मित्र असले तर अमरावती जिल्ह्याने त्यांचीही सोय केली आहे. गाडगेबाबांशेजारी यावलीचे तुकडोजी महाराज, भगवी टोपी आणि खंजिरी. आणि पापळचे पंजाबराव देशमुख, कोट आणि टाय. गोधडी, भगवं आणि कोट असे तीन वेश एका ओळीत उभे राहिले की या जिल्ह्याचं विसावं शतक डोळ्यांसमोर येतं. कोट मामांचा चालतो. बाह्या लांब असल्या तर आत दुमडून चार टाके घालावेत.

गावाच्या नावाचा इतिहास हवा असेल तर तोही आहे. 30 डिसेंबर 1803 ला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्याच्या पंधरवडाभर आधी गाविलगड पडला होता. इंग्रजांकडून जो आर्थर वेलस्ली होता तोच पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. जुन्या लाल चादरीचा कोट, काळ्या पुठ्ठ्याची टोपी, शिंद्यांच्या बाजूला फेटे, मधे एक सतरंजी. गावातल्या किती पोरांना हे ठाऊक असतं?

भुताखेतांचीच हौस असली तरी परक्या ड्रॅक्युलाकडे जायची गरज पडत नाही. आपल्याकडे भुतं एकटी फिरत नाहीत, त्यांना समाज आहे. अवसेच्या रात्री वेताळाची पालखी निघते असं जुनी माणसं सांगतात. पुढे मशाली, मागे सगळा गोतावळा. मुंज्या, हडळ, खवीस, झोटिंग, चकवा. प्रत्येकाची एकेक खूण ठरलेली. मुंज्या सोडमुंजीआधी गेलेला पोरगा, पिंपळावर राहणारा, त्याला शेंडी आणि जानवं पुरे. 2024 च्या हिंदी सिनेमाने तो देशभर नेला. हडळीचे पाय उलटे: पुठ्ठ्याचे पंजे कापून टाचेकडून बांधायचे आणि लुगडं घोट्यापर्यंतच नेसायचं, म्हणजे पंजे दिसतात. चकवा माणसाला रात्रभर एकाच जागी फिरवतो, म्हणून त्याला वेश कमी आणि वागणं जास्त; तो मिरवणुकीत सारखा चुकीच्या गल्लीत वळतो आणि बाकीचे त्याला ओढून आणतात. पालखीसाठी संत्र्याचं खोकं आणि दोन बांबू. वेताळाचा मुखवटा पालथ्या मडक्यावर करायचा: मडक्याला तेलाचा हात, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून पाच-सहा थर. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळतो आणि निघून येतो. खळीला कीड लागू नये म्हणून बाइंडिंगवाले मोरचूद घालतात, पण तोंडावर बसणाऱ्या मुखवट्यात ते विष नको. चिमूटभर मेथीची पूड घालावी.

चेहऱ्याच्या रंगाचंही तसंच. जुनी नाटकवाली मंडळी मुरदारशिंग वापरत. त्यात शिसं असतं. चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. गोवरीची राख फडक्यातून दोनदा चाळून, खोबरेल लावलेल्या अंगावर फासली की भुताचा रंग येतो. काजळ, कुंकू आणि हळद यांनी बाकीचं भागतं.

एकनाथांच्या सोंगी भारूडाचा वारसा तर घरचाच. सुर्जीचा देवनाथ मठ नाथ परंपरेतला. एकनाथांनी भूत, विंचू, जोशी, वाघ्या अशी सगळी पात्रं चारशे वर्षांपूर्वी भारूडात उभी केली. विंचू चावलेला एक आणि त्याच्याभोवती उपाय सांगणारे चार. यात कपड्याचा खर्च शून्य, पण चावलेल्याला तळमळता आलं पाहिजे. चार दिवस तालीम करावी लागते. स्वस्त सोंगाची किंमत अशी वेळेत मोजावी लागते, हे मुलांना आधीच सांगितलेलं बरं.

आता नागपूरकडे वळू, कारण वऱ्हाडातल्या मित्रमंडळींनी सर्वात जास्त शिकावं असं तिथे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. त्यांच्यामागे बडगे. बडगे वस्तीतली पोरं करतात, बांबू, कागद, फाटके कपडे, अडगळ यांतून, आणि त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचं रूप बडग्याला देतात: महागाई, भ्रष्टाचार, रोगराई. ईडा-पीडा घेऊन जा, असं ओरडत ती मिरवत नेतात आणि जाळतात. भीतीला चेहरा द्यायचा तो आपल्या भीतीला, हा त्यांचा शहाणपणा आहे. वटवाघूळ अंजनगावच्या शेतकऱ्याला कधी भ्यायला लावत नाही. त्याला जी झोप येऊ देत नाही ती वस्तू बोटाच्या पेराहून लहान आहे. गुलाबी बोंडअळी.

2017 च्या खरिपात तिने विदर्भाच्या कापसाची दैना केली. बीटी कपाशी 2002 मध्ये आली तेव्हा बोंडअळ्यांपासून सुटका झाली असं वाटलं होतं. गुलाबी अळी हळूहळू त्या बियाण्याला सरावली. बाहेरून बोंड हिरवं, टवटवीत दिसतं आणि आत सरकी पोखरलेली असते. वऱ्हाडातलं सर्वात भीतिदायक सोंग करायचं असेल तर तिचंच करावं. तिचं सोंग एकट्याला जमतच नाही, हा आणखी एक गुण.

पाच मित्र, एक अळी. पंक्चरच्या दुकानातून सायकलचे चार निकामी टायर मागून आणायचे. प्रत्येक टायर सुतळीने मागच्या एकेकाच्या दोन्ही खांद्यांवरून असा अडकवायचा की तो कमरेच्या वर आडवा लोंबेल. जुन्या पांढऱ्या चादरी एकमेकींना शिवून लांब नळा करायचा, टायरांवरून तो घालायचा आणि आतून टाके मारायचे. अळी मोठी झाली की पांढुरक्या अंगावर गुलाबी पट्टे येतात. ते पट्टे उरलेल्या डिस्टेंपरने, चादर जमिनीवर पसरून, शिवायच्या आधी द्यायचे आणि उन्हात पुरते वाळवायचे. पुढच्याच्या डोक्यावर टोपली पालथी, तिच्यावर खाकी कागद, कारण हिचं डोकं तपकिरी असतं. सर्वात लहान पोरगं शेवटी, म्हणजे अंग निमुळतं होतं. चादरीला दोन्ही बाजूंनी हातभर चिरा ठेवाव्यात. आत भयंकर उकडतं. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांच्या पायात पाय अडकून पडणार. "अबे डावा म्हटलं ना, डावा!" असं आतून ऐकू येतं आणि बाहेरचे पोट धरून हसतात. मग पुढचा ताल धरतो, मागचे त्याच्या टाचेकडे बघून पाय टाकतात आणि चादर एकदम जिवंत होते.

घोळक्यात पोरी असतील तर एकीने डोमकळी व्हावं: अळी लागलेल्या कपाशीच्या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात. पिवळ्या ओढणीचे पदर डोक्याभोवती गुंडाळून वर सुतळीने आवळले की झालं. दुसरीने कामगंध सापळा व्हावं. डोक्यावर मोठं नरसाळं, पाठीला लांब पारदर्शक पिशवी आणि पिशवीत खाकी कागदाचे पतंग. पतंग आठ ठेवावेत. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली असं कृषी विद्यापीठं सांगतात, आणि बघणाऱ्यांतला एखादा शेतकरी ते मोजल्याशिवाय राहणार नाही. वासाने फसून येतात ते सगळे नरच. त्यांना मिशा काढायला हरकत नाही.

फवारणी करणारा माणूस या मेळ्यात हवाच, पण त्याला नीट सजवावं. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून सोंगातल्या फवारणीवाल्याच्या तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा असं सगळं असावं, आणि पंप पुठ्ठ्याच्या खोक्याचा असावा. घरातला खरा पंप किंवा औषधाचा रिकामा डबा सोंगासाठी कुणी उचलू नये, कितीही धुतलेला असला तरी.

दिवाळी जवळ असते हेही लक्षात ठेवायला हवं. 2024 मध्ये तर 31 ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती आणि अमेरिकेतल्या मराठी पोरांनी एकाच संध्याकाळी पणत्या आणि भोपळा दोन्ही पाहिलं. कापसाची दाढी, केळीची वाळली पानं, कागदाचा मुखवटा हे सगळं ठिणगीची वाट बघत असल्यासारखं पेटतं. ज्या गल्लीत फटाके चालू आहेत तिथे अळीने जाऊच नये. दाढी तोंडाला चिकटवण्याऐवजी कापडाच्या पट्टीवर खळीने कापूस लावून मागे एका सुरगाठीने बांधावी. झटक्यात ओढून काढता येते.

फेरीसाठी वेळ संध्याकाळची, दिवेलागणीच्या आधीची बरी. मिरवणूक वस्तीवरून, बाजारातून, जमलं तर जिनिंगसमोरून न्यावी, कारण बोंडअळी पाहून खरोखर दचकणारी माणसं तिथे असतात. एखादी मावशी हातातली काठी घेऊन अळीच्या पाठीत घालायला धावेल, त्याची तयारी ठेवावी. डोमकळीने तेव्हा पुढे होऊन मावशीला सांगावं की आत आमचेच पोट्टे आहेत. मग लाह्या, चिवडा, संत्री असं काहीबाही मिळतं. अळीच्या आत पुढच्याला सगळं दिसतं, मधल्यांना निदान बोलता येतं, शेपटाकडच्या लहानग्याला मात्र फक्त समोरच्याची पाठ आणि धूळ. खाऊची पिशवी त्याच्याकडे द्यावी.